हात थांबत नसतो

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं. वय वर्षं ४७, नोकरी बँकेत, आणि तोपर्यंत हत्यारांशी संबंध म्हणजे दसऱ्याला घरातल्या अडकित्त्याची पूजा. तेव्हा घाबरू नका, मी काही कुणाचा सूड उगवायला निघालो नव्हतो. हे पिस्तूल हवेच्या दाबावर चालतं. त्यातून ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो. बस्स, एवढंच.

झालं असं, की लेकीला दहावी सुरू व्हायच्या आधी शूटिंग शिकायचं होतं. आमच्या कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे, सगळी आमच्या जिल्ह्यातली मंडळी. लेकीला सकाळी रेंजवर सोडायचं, तासभर बाकावर बसून पेपर वाचायचा आणि तिला घेऊन परत यायचं, ही माझी ड्यूटी. चौथ्या दिवशी तिथले सर म्हणाले, "साहेब, नुसतं बसून काय करताय? या की, दहा छर्रे मारून बघा."

मी नको म्हणालो. वयाचं कारण दिलं, चष्म्याचं दिलं. खरं कारण सांगितलं नाही. माझा हात थरथरायला लागला होता.

इथे जरा अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. सोनार, दुकानवाले नव्हेत, कारागीर. गुजरीतल्या एका पेढीसाठी त्यांनी माडीवर बसून जन्मभर काम केलं. कोल्हापुरी साजातली चंद्र, मासोळी, कासव, भुंगा अशी इवली इवली पानं त्यांच्या हातून उतरायची. लहानपणी शाळेतून आलो की मी त्यांच्यासमोर बसून बघत राहायचो. तोंडात फुंकणी, एका हातात चिमटा, आणि चिमट्यात तिळाएवढा सोन्याचा तुकडा. साठी उलटल्यावर कधीतरी तो हात थरथरू लागला. आधी चिमट्यातून मणी निसटायला लागले. मग एक दिवस पेढीच्या मालकांनीच "अण्णा, आता आराम करा" म्हणून सांगितलं. अगदी आदराने सांगितलं. अण्णांनी हत्यारं फडक्यात गुंडाळून घरी आणली, ती अजून कपाटावर आहेत.

डॉक्टर म्हणाले, हा पार्किन्सन्स नाही. त्यात हात बहुतेक स्वस्थ असतानाच जास्त हलतो. अण्णांचा हात मांडीवर ठेवला की शांत असतो आणि काही धरायला गेले की थरथरतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. जिवाला धोका नाही, औषधाने थोडाफार कमी होतो. "बऱ्याच घरांत हा पुढच्या पिढीत उतरतो," असंही ते जाता जाता बोलले. त्यांनी सहज म्हटलं. मी मात्र ते वाक्य सोबत घेऊन घरी आलो.

तेव्हापासून मी स्वतःच्या हाताकडे बघायला लागलो. आणि बघायला लागलं की दिसतंच! त्या वर्षीच्या मार्चअखेरीला तर कमाल झाली. कागदांचा ढीग पुढ्यात, मी सह्या करतोय, आणि हाताखालचा मुलगा अदबीने म्हणाला, "सर, ही सही रेकॉर्डशी जुळत नाहीये." ज्या माणसाने वीस वर्षं लोकांचे चेक सही जुळत नाही म्हणून परत पाठवले, त्याचीच सही जुळेना. मी हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही.

असो. तर सर काही सोडेनात, आणि लेकही म्हणायला लागली, "बाबा, या ना!" शेवटी उभा राहिलो.

पहिला धडा सुरक्षेचा. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेने, छर्रा भरलेला असो वा नसो. मारायचं नसेल तेव्हा नळीतून रंगीत दोरी आरपार घातलेली, म्हणजे पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. आणि साइट्स टार्गेटकडे जुळेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. हे सर इतक्या वेळा बोलले, की मी घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा बोट बाहेर ठेवून धरायला लागलो.

मग उभं राहायचं. सिनेमात धरतात तसं दोन हातांनी नाही. या खेळात एकच हात. दुसरा खिशात घालायचा नाहीतर पट्ट्यात अडकवायचा. पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं. सरळ लांबवलेल्या हाताच्या टोकाला किलोभर वजन, आणि समोर दहा मीटरवर दहाचं वर्तुळ, ११.५ मिलिमीटरचं. शर्टाचं बटण असतं ना, तेवढं.

मी हात वर केला आणि पिस्तुलाचं टोक नाचायला लागलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दहा छर्ऱ्यांत १०० पैकी ४७. दोन तर कागदालाच लागले नाहीत. बाकीचे बहुतेक डावीकडे खाली, घड्याळात सात वाजतात त्या अंगाला.

"सर, माझा हात थरथरतो," मी शेवटी कबूल केलं.

सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "हात सगळ्यांचा हलतो, साहेब. ही भोकं हात हलल्याची नाहीत. हात हलल्याची भोकं चारी बाजूंना पडतात. ही एका बाजूला आहेत. म्हणजे हे तुम्ही केलंय."

हे वाक्य मला फार लागलं. म्हणजे मी करतोय तरी काय?

पुढचे पंधरा दिवस त्या प्रश्नाच्या उत्तरात गेले. पहिलं उत्तर पकडीत होतं. मी पिस्तूल बसच्या दांड्यासारखं आवळून धरत होतो. हात हलतोय म्हणून आवळायचो, आणि आवळलं की जास्त हलायचं. सरांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. डाव्या हाताने नळीकडून पिस्तूल धरायचं आणि उजव्या हातात वरून बसवायचं. अंगठा आणि तर्जनीमधली जी खोबण असते, ती मुठीच्या मागच्या बाजूला जमेल तितकी वर टेकवायची. पिस्तूल, मनगट आणि कोपर एका सरळ रेषेत. मग मधलं बोट आणि अनामिका यांनी मूठ सरळ मागे तळव्याकडे घ्यायची. करंगळी आणि अंगठा नुसते टेकलेले. त्यांनी जोर लावला की टोक खाली किंवा बाजूला वळतं. मनगट मात्र घट्ट. लाकडी मुठीला खाली एक फळी असते, तिच्यावर तळहाताची कड विसावते. दर वेळी पकड तशीच यायला हवी, कारण पकड बदलली की सगळंच बदललं.

"किती जोरात धरू?" मी विचारलं.

"हात थरथरेपर्यंत आवळा. मग थरथर थांबेपर्यंत ढिलं सोडा. थांबली की तिथे राहा."

करून बघितलं. थरथर पूर्ण काही थांबली नाही, पण अर्ध्यावर आली. अर्ध्यावर! मी बघतच राहिलो. एवढे दिवस मी जिला वडिलोपार्जित समजत होतो, तिच्यातली अर्धी थरथर मी स्वतःच मूठ आवळून तयार करत होतो.

दुसरं उत्तर डोळ्यांत होतं. पिस्तुलाला मागे एक खाच असते आणि पुढे एक उभी पट्टी. पट्टी खाचेच्या बरोबर मधे आली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका पातळीत. आता गंमत बघा. या दोन साइट्समधलं अंतर माझ्या पिस्तुलावर साधारण ३३ सेंटिमीटर. टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. सबंध हात एक मिलिमीटर सरकला आणि साइट्स जुळलेल्याच राहिल्या, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. पण मनगट वळून पुढची पट्टी खाचेत एक मिलिमीटर हलली, तर टार्गेटवर तीस मिलिमीटरचा फरक पडतो. दहाचा सातच होतो. म्हणून नजर टार्गेटवर ठेवायचीच नाही. नजर पुढच्या पट्टीवर. ती स्वच्छ, धारदार दिसली पाहिजे, आणि टार्गेटचा काळा गोळा मागे धूसर. तो गोळा धूसर ठेवणं किती अवघड जातं म्हणून सांगू! जिथे मारायचं तिकडेच बघू नका म्हणतात हो!

आणि तिसरं, सगळ्यात मोठं उत्तर ट्रिगरवरच्या बोटात निघालं.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढा जोर. पहिल्या टप्प्यात तो हलकेच मागे येतो आणि एका जागी अडतो. तिथून पुढे बोटाच्या पहिल्या पेराच्या मऊ भागाने, सरळ मागे, सावकाश दाब वाढवत न्यायचा. बाकीच्या बोटांना त्याचा पत्ता लागता कामा नये. छर्रा नेमका कधी सुटला हे आपल्यालाही जरा अचानकच कळावं.

मी काय करत होतो? मी वाट बघत होतो. टोक डोलतंय, डोलतंय, आणि काळ्या गोळ्याखाली बरोबर आलं रे आलं की, हां, आत्ता! की बोट खस्सकन आत. सोबत मूठ आवळली जायची, मनगट खाली जायचं, आणि छर्रा डावीकडे खाली. सरांनी हे मला सांगितलं नाही. दाखवलं. म्हणाले, आता दर वेळी पिस्तूल मी भरून देणार. छर्रा कधी घालीन, कधी नाही. तुम्ही आपलं मारत राहा.

पहिला बार. फट्. कागदाला भोक. दुसरा. मी नेम धरला, टोक बरोबर जागी आल्यासारखं वाटलं, बोट ओढलं... आणि नुसतं टक्. आत काहीच नव्हतं. पण पिस्तुलाने जी मान टाकली! चांगलं चारेक बोटं टोक खाली गेलं. मागच्या बाकावर बसलेली दोन पोरं फिसकन हसली. मीही हसलो, पण आतून गारठलो होतो. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, काही सुटलंच नाही. तरी माझा हात दचकून मोकळा झाला होता.

घरी जाताना स्कूटरवर तेच डोक्यात. जे अजून घडलेलंच नाही त्याला दचकण्यात मी भलताच पटाईत झालो होतो.

त्यानंतर सरांनी घरचा अभ्यास दिला. पिस्तूल क्लबचं, ते घरी आणता येत नाही. पण जुन्या पिस्तुलाची एक लाकडी मूठ त्यांनी दिली आणि म्हणाले, पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा, रोज वीस वेळा. वजनाला मी पाण्याची बाटली बांधली. हात वर, दोन श्वास, हळूहळू खाली, बोट सावकाश मागे, मग दोन सेकंद तसंच थांबायचं. पाच ते आठ सेकंदांत काम झालं तर ठीक. नाही झालं तर हात खाली घ्यायचा. तिथेच रेंगाळायचं नाही, कारण पुढे डोळा थकतो, दंड थकतो, आणि माणूस 'एकदाचं संपवू' म्हणून बोट ओढतो. हात खाली घेणं ही हार नाही हे मला वळायला महिना लागला. स्पर्धेत ६० छर्ऱ्यांसाठी ७५ मिनिटं असतात. भरपूर वेळ असतो हो, आपणच घाई करतो.

अण्णा खाटेवर बसून हे सगळं बघायचे. बघून बघून एक दिवस म्हणाले, "काय वाट बघालायस रे?"

म्हटलं, "हात थांबायची."

"हात थांबत नसतो," अण्णा म्हणाले. "आमचा तरी कुठं थांबायचा? टाका लावताना हात थांबंल म्हणून बसलं की सोनं वितळून जायचं. हलत्या हातानंच लावायचा. चिमटा मात्र दाबायचा नाही. त्याला मिटू द्यायचं."

मी मूठ खाली ठेवली. लहानपणी तासन् तास ज्या हाताकडे बघितलं, तो मला दगडासारखा स्थिर वाटायचा. आणि हा माणूस म्हणत होता की तो तेव्हाही हलतच होता!

नंतर डॉक्टरांना विचारलं तर तेही हेच म्हणाले. प्रत्येक माणसाच्या हाताला बारीक कंप असतोच. चहा जास्त झाला, जागरण झालं, काळजी लागली, मूठ आवळली, की तो दिसायला लागतो. अण्णांचा आताचा कंप वेगळा, तो आजारच आहे आणि तो ढिलं धरून जात नाही. पण तेव्हाचा हात आणि माझा आजचा हात, एकाच जातीचे.

मग मी या खेळातली माणसं शोधून वाचायला लागलो. हंगेरीचे कारोली ताकाच यांची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. १९३८ मध्ये लष्करी सरावात त्यांच्या उजव्या हातात हातबॉम्ब फुटला. नेमबाजीचा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत, रॅपिड फायर पिस्तुलात ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. सगळे यातून जिद्द शिकतात. माझ्या मनात वेगळंच आलं. नवी पकड, नवा खांदा, नवं बोट. माणसाने सगळं शून्यापासून पुन्हा बसवलं असणार.

आणि आमची राही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात शूट-ऑफ खेळून तिने सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या प्रकारातल्या वेगवान फेरीत हात खाली ठेवून उभं राहायचं. टार्गेट तीन सेकंद खुलं होतं, तेवढ्यात हात वर आणून एकच गोळी. तीन सेकंद! हात थांबायची वाट बघायला तिथे सवडच नाही.

आता माझा स्कोअर विचाराल. परवाच्या रविवारी दहा छर्ऱ्यांत ८४ आले, तो माझा आजवरचा उच्चांक. ऑलिंपिकच्या फायनलला जायचं तर ६०० पैकी साधारण ५७५ च्या आसपास लागतात, म्हणजे दर दहा छर्ऱ्यांना ९६. तेव्हा कोल्हापूरने माझ्यावर आशा ठेवू नये. लेकीने दहावीसाठी शूटिंग सोडलं, मीच चिकटून राहिलो. पण भोकं आता चारी बाजूंना पडतात, गोळ्याभोवती सारखी. सरांनी कागद हातात घेऊन म्हटलं, "हां. आता हा तुमचा हात. ही खरी थरथर." मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

दिवाळीत धीर करून डॉक्टरांना हात दाखवला. कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, पाण्याचा पेला धरायला लावला. "आत्ता तरी काही दिसत नाही. वर्षाने या," म्हणाले. म्हणजे नाही असंही नाही. वर्षाने जाईन.

एक गोष्ट मात्र बदलली, ती सांगून थांबतो. अण्णा सकाळी चहा घेतात. कप ओठांपर्यंत नेताना तो डुचमळतो, बशीत सांडतो, कधी धोतरावर. गेली कित्येक वर्षं कप जरा हलला की माझा हात आपोआप पुढे जायचा, "द्या अण्णा, मी धरतो." ते काही बोलायचे नाहीत, कप सोडून द्यायचे. आता आम्ही मोठा मग आणलाय आणि तो अर्धाच भरतो. मी समोर बसतो. मग वर जायला लागतो, हलतो, माझा हात उचलायला बघतो. मी तो मांडीवरच ठेवतो.

काल चार थेंब सांडले. अण्णांनी मग खाली ठेवला, मिशी पुसली आणि विचारलं, "आज किती मारलेस?"

"एक्याऐंशी."

"घाई केली असशील," अण्णा म्हणाले.

केली होती.